संध्याकाळचं माप

३ तारीख, सोमवार

माझी नणंद पाळणाघर चालवते. त्यामुळे दुनियेच्या बातम्या तिला घरपोच मिळतात, आणि मिळाल्या की ती त्या मला पोचवते, तेही नेमकी मी कामात असताना. आज एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट अर्धा सरकवला होता आणि फोन वाजला.

“वहिनी, एक छोटीशी संस्था आहे. आजारानं नाहीतर अपघातानं मुलांच्या मेंदूला इजा झाली असेल ना, तर त्या मुलांना लागेल ती वस्तू देतात. खुर्चीचं विचारा ना तिथे.”

मी म्हटलं, “बघते.” गिऱ्हाईक म्हणालं, “काय बघताय? बोट दुखतंय माझं.”

मुळात खुर्ची हवी हे ठरवलं कोणी? भिंगरीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. चाकाची खुर्ची घ्या, हलकी, मुलांच्या मापाची, लांब जाताना उपयोगी पडेल, असं त्या मागच्या महिन्यात म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्यानं लगेच मान डोलावली. हा माणूस प्लंबर आहे. दिवसभर नळांशी बोलून घरी येतो, मग माणसांसमोर नुसती मान डोलावतो.

माझी मुलगी चालते. गेल्या वर्षी ताप आला, मेंदूला सूज आली, आम्ही हॉस्पिटलच्या बाकांवर झोपलो, सगळं झालं. पण घरी आली ती स्वतःच्या पायांनी जिना चढून. बारा वर्षांची आहे, दिसायला अगदी पहिल्यासारखी. फक्त लवकर दमते, शब्द सापडत नाहीत, आणि आवाज फार झाला की कानांवर हात ठेवून बसते. पूर्वी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणायचो. हल्ली नणंद तिला खऱ्या नावानं हाक मारते. मला ते आवडत नाही.

अडचण शाळेची आहे. पुढच्या महिन्यात आठ तारखेला शाळा उघडते. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून ठेवलंय की पूर्ण दिवस बसणार असेल तरच तिच्या वर्गात घेऊ, नाहीतर हे वर्ष घरीच. सुट्टीच्या आधी एकदा पाठवून बघितलं होतं. फाटकापासून वर्गापर्यंत ते लांबच लांब मैदान, मग व्हरांडा. दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपली, आणि मैत्रिणीनं उठवलं तर तिच्या अंगावर कंपास फेकला. मैत्रीण गुणी आहे, अजून फोन करते. पण एक वर्ष मागे पडली तर ती मैत्रीण आणि तो वर्ग, दोन्ही गेले. आधीच वर्षभरात भिंगरीचं बरंच काही गेलंय.

म्हणून विचारणार आहे. तात्पुरती म्हणून. नवी घ्यायची तर आमची ऐपत नाही, जे होतं ते हॉस्पिटलात गेलं.

५ तारीख, बुधवार

संस्था म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. जेवणाच्या सुट्टीत धावतपळत गेले तर दाराला कुलूप. खाली किल्लीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “येतील. ते काय, सगळे रिटायर लोक. मनात येईल तेव्हा येतात.” एवढं बोलून तो पुन्हा किल्ली घासायला लागला.

संध्याकाळी फोन लागला. पलीकडचे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर निघाले. आधी मी सगळा पाढा वाचला, मग ते म्हणाले, “जरा मोठ्यांदा बोला.” पुन्हा सगळा वाचला. मग म्हणाले की अर्ज आणून द्या, मग कोणीतरी घरी येऊन मुलीला बघून जाईल, मग समिती ठरवेल.

मी विचारलं, “बघून जाईल म्हणजे काय? सोन्याची आहे का ती बघायला?”

“तसा नियम आहे, ताई.”

नियमावर काय बोलणार. अर्ज किल्लीवाल्याकडे देऊन आले.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी भिंगरीला घेऊन रस्त्यावर चालण्याचा सराव. विजेचे खांब मोजत जातो आम्ही. व्यायामाच्या बाई म्हणतात दमायच्या आधी थांबवा. पण दमायच्या आधी थांबलं तर ताकद यायची कशी? मी रोज म्हणते, अजून एक खांब, बाळा, बस एकच. आज ती बेकरीच्या पुढच्या खांबापर्यंत गेली! तिथे फुटपाथवर बसली ते बसलीच, नवऱ्याला बोलावून उचलून आणावं लागलं. पण गेली हे महत्त्वाचं.

तिच्या डाव्या बुटाचं नाक पुढून पार घासून गेलंय. उजवा जसाच्या तसा. दोन महिनेही झाले नसतील घेऊन. कंपनीचा माल दिवसेंदिवस खराब होत चाललाय, एजंट आला की त्याला सोडणार नाही. दुकानातून नवा जोड आणला.

दुपारी ती नवऱ्याबरोबर दुकानात आली होती. काचेतल्या चंदेरी सँडलपाशी उभी राहिली, ते टाचवाले, पट्ट्यापट्ट्यांचे. मी म्हटलं, “ते नाही, तुझ्या पायांना नाही जमणार.” ती म्हणाली, “बरं.”

बरं! हीच मुलगी दोन वर्षांपूर्वी चपलेच्या रंगावरून माझ्याशी तासभर वाद घालायची. मालक तिला वकीलसाहेब म्हणायचे. आता संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडते, जेवायलाही उठवावं लागतं. बोललं तर उत्तर नाही, रागावलं तर राग नाही. चालणं येईल हळूहळू, पण हे भांडण कुठून आणायचं? व्यायामाच्या बाई त्याचा व्यायाम शिकवत नाहीत.

१० तारीख, सोमवार

उद्या पोस्टमास्तर येणार. काल आणि आज खांब बंद. दोन्ही दिवस तिला नुसतं निजवून ठेवलं, म्हणजे उद्या टवटवीत दिसेल. घर धुतलं, पडदे बदलले. तिचा निळा फ्रॉक इस्त्री केला.

नवरा म्हणाला, “अगं, त्यांना खुर्ची द्यायची की नाही ते ठरवायचंय. मुलगी बघायचा कार्यक्रम थोडाच आहे!”

एरवी तोंडातून शब्द निघत नाही, आणि निघाला की असा. मी म्हटलं, “मग काय, मळक्या कपड्यांत उभी करू? आपण भीक मागतोय का?” त्यानं मान डोलावली. कशाला डोलावली ते त्यालाच ठाऊक.

११ तारीख, मंगळवार

फार छान झालं! सगळं लिहून ठेवते.

पोस्टमास्तर सकाळी दहाच्या ठोक्याला हजर. उंच, काटकुळे, कडक कॉलर. बूट काढताना मात्र भिंतीला हात टेकून बराच वेळ खटपट केली. चहाला नाही म्हणाले, फक्त पाणी. “अर्जदाराच्या घरी चहा घ्यायचा नाही, हे पाळतो आम्ही,” म्हणाले. भिंगरीला नाव विचारलं, शाळा विचारली. तिनं पटापट उत्तरं दिली. ते म्हणाले, “नोकरीच्या सुरुवातीला मी पत्रं वाटायचो.” ती म्हणाली, “मग आमच्याकडे कधीच का नाही आलात?” ते इतके हसले! मला भरून आलं. किती दिवसांनी तिनं कोणाला तरी टोला दिला.

मग ते म्हणाले, “चालताना त्रास होतो म्हणे हिला?” आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “दोन पावलं चालून दाखव बघू.” दिवसातून शंभर वेळा म्हणते मी हे, नवा बूट पायात घातला की हेच वाक्य. भिंगरी उठली, दारापर्यंत गेली, छान वळली, परत आली. अजिबात अडखळली नाही. नव्या बुटांत पाय कसा सरळ पडत होता! मी म्हटलं, अजून एकदा. ती अजून एकदा गेली.

“वा वा,” पोस्टमास्तर म्हणाले. “गोड आहे हो मुलगी. देवाची कृपा.”

जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काम झालं असं समजायला हरकत नाही.

१२ तारीख, बुधवार

भिंगरी काल ते गेल्यावर झोपली ती आज दुपारी उठली. पाणी मागायचं होतं तर शब्दच सापडेना, नुसती नळाकडे बोट करत राहिली आणि मग रडली. हवा बदलली आहे, तिला सर्दी होणार बहुतेक.

१७ तारीख, सोमवार

नाही म्हणाले.

चार ओळींचं पत्र. मुलगी आधाराशिवाय चालते हे पाहून समितीला आनंद झाला, संस्थेकडे खुर्च्या मोजक्या, त्या न चालणाऱ्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आनंद झाला म्हणे! यांना आनंद व्हावा म्हणून मी पडदे बदलले होते का? वाटाण्याच्या अक्षता लावायच्या होत्या तर आधीच लावायच्या. घरी येऊन पाणी प्यायचं, मुलीला हसवायचं, डोक्यावर हात ठेवायचा, आणि मग हे!

मालकांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, “पण चालते ते बरंच आहे ना?” ज्याला बघावं तो मलाच चांगली बातमी सांगतोय.

१८ तारीख, मंगळवार

नणंद आली होती. पत्र वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, “वहिनी, रागावू नका. पण तुम्ही तिला चालायला कशाला लावलंत?”

“मग काय रांगायला लावू?”

“ती खरोखर कशी आहे ते दाखवायचं होतं ना.”

“खरोखर कशी आहे म्हणजे? चालत होती ती खोटं होतं का?”

ती म्हणाली, “तुम्हाला खुर्ची नकोच आहे.” हे ऐकायचं राहिलं होतं! अर्ज मी केला, दुपारचं जेवण सोडून किल्लीवाल्याकडे खेटे मी घातले, फोनवर घसा मी फोडला, आणि खुर्ची मलाच नको? मी तिला सांगितलं, तू आपली पाळणाघरातली पोरं सांभाळ. ती पर्स घेऊन निघून गेली. चहा तसाच राहिला.

नवरा मूग गिळून बसला होता. मी म्हटलं, “अहो, तुमची बहीण मला बोलून गेली, तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?”

तो म्हणाला, “लोक मला बोलावतात ना, तेव्हा ओल दाखवतात. इथे गळतंय म्हणतात. पण ओल असते तिथे गळत नसतं. गळतं वर कुठेतरी, सकाळपासून. खाली दिसतं संध्याकाळी.”

मी मुलीबद्दल बोलतेय आणि हा पाइपाबद्दल. कपाळाला हात लावून उठले.

सकाळी सहा खांब झाले. संध्याकाळी भिंगरी जेवली नाही.

२१ तारीख, शुक्रवार

आज दुकानात सुट्टीतही शिकवणी घेणारे एक शिक्षक बूट परत घेऊन आले. फणकारले होते. “तुमच्याच दुकानात चालून बघितलं, तेव्हा मस्त होते. आता संध्याकाळी पाय असे आवळतात की वर्गात बूट काढून शिकवावं लागतं. मुलं हसतात.”

वापरलेला जोड परत घ्यायचा नाही हा मालकांचा नियम. म्हणून मी नेहमीचं सुरू केलं. “सर, तुम्ही सकाळी आला होतात ना? सकाळी पाय ताजे असतात. सकाळी कुठलाही बूट बसतो. माप संध्याकाळी घ्यायचं असतं, दिवसभर राबून पाय सुजले की. तेच खरं माप.” इतकी वर्षं हे सांगत आलेय. नव्या मुलींना कामाला लागल्या की पहिलं हेच शिकवते मी.

बोलता बोलता थांबले. हातात त्यांचा बूट तसाच.

पोस्टमास्तर आमच्याकडे सकाळी दहाला आले होते. दोन दिवस निजवून ठेवलेल्या मुलीला बघायला.

शिक्षक म्हणाले, “मग? पुढे काय?” मी म्हटलं, “द्या इकडे, मी मालकांशी बोलते.” मालक मला बोलले ते वेगळंच.

२४ तारीख, सोमवार

आज संस्थेची खोली उघडी होती. पोस्टमास्तर एकटेच, टेबलाखाली बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसले होते. मला बघून घाईनं पाय बुटांत कोंबायला लागले. एक गेला, दुसरा जाईना.

मी सरळ सांगितलं, तुम्ही मुलीला पुन्हा बघायला या, आणि संध्याकाळी या.

“एकदा भेट झाली की पुन्हा भेट नाही ताई. तसा नियम आहे.”

“कोणी केला नियम?”

“समितीनं.”

“समितीत कोण कोण आहे?”

ते जरा चाचरले. “मी आहे. खजिनदार आहेत. आणि एक मॅडम आहेत, पण त्या आजारी असतात.”

म्हणजे नियम तुम्हीच केलात, आणि आता तोच सांगून मला परत पाठवताय! हे मी मोठ्यांदा म्हटलं, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून, पण खाली किल्लीवाल्याचं घासणं थांबलं. पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. म्हणाले, “आमच्याकडे पाच खुर्च्या आहेत हो, आणि वीस मुलं. मान हलवता येत नाही अशीही आहेत त्यात. कोणाला नाही म्हणायचं हे ठरवायला मला काय हौस आहे?”

खाली बघितलं तर त्यांची टाच अजून बाहेरच.

“काका, हे बूट तुम्ही सकाळी घेतलेत.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्याकडे आलात तेव्हाही काढताना भिंतीला टेकला होतात. दुकानात चालून बघितलंत, बरे वाटले. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर घेतले नसतेत. माझी मुलगी तुम्ही सकाळी बघितलीत.”

ते बुटाकडे बघत राहिले. मग पायात गेलेलाही काढून ठेवला आणि मोज्यांवरच जिन्यापर्यंत मला सोडायला आले. गुरुवारी संध्याकाळी येतो म्हणाले, कोणाला सांगू नका. किल्लीवाल्यानं ऐकलं असणार, त्याला सांगायची गरज नाही.

२७ तारीख, गुरुवार

आज काही मुद्दाम केलं नाही. पडदे तेच, फ्रॉक घरातला. सकाळी नवी पुस्तकं आणायला शाळेत गेलो, फाटकापासून वर्गापर्यंत आणि परत, तिच्या पायांनी. शाळेच्या दिवशी करावं लागेल तेवढंच. घरी आल्यावर ती पडली ती भिंतीकडे तोंड करून.

पोस्टमास्तर साडेपाचला आले. चपला घालून आले होते. आवाज ऐकून भिंगरी उठून बसली. पायात बूट तसेच, सकाळपासून काढलेच नव्हते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. केस सारखे केले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, चालून दाखवू?”

ती उभी राहिली. भिंतीला हात धरून निघाली. डावा पाय उचलला जात नव्हता, नुसता ओढला जात होता, बुटाचं नाक फरशीवर घासत. नव्या बुटाचं. नव्याचंही नाक पांढरं पडलंय. एजंटला फोन करायचा राहिला होता ते बरं झालं.

आणि तेव्हा माझ्या मनात आलं, पडावी ही. यांच्यासमोर पडावी, म्हणजे यांना कळेल. स्वतःच्या मुलीबद्दल मी हे चिंतलं. ती मात्र जिवाच्या करारानं न पडता चालत होती, कारण तिला वाटत होतं मला तेच हवंय.

पोस्टमास्तर पटकन उठले. “बस, बाळ. मला चालणं नाही बघायचं. एवढंच सांग, खुर्ची तुला हवी आहे का?”

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी नाही, तिच्या बापानं नाही, व्यायामाच्या बाईंनीही नाही.

ती खाली बसली. “आईला नको,” म्हणाली.

“आईचं राहू दे. तुला?”

“मला हवी.” मग शब्द शोधत राहिली. नवरा दारात उभा होता, तो मदत करायला गेला, मी त्याला खुणेनं थांबवलं. “चालले ना... की माझा तो... संपतो.” खिडकीकडे बोट केलं. बाहेर अजून ऊन होतं. “दिवस. चालले की दिवस संपतो माझा. बसून गेले तर उरेल.”

पोस्टमास्तरांनी पाणी मागितलं. निघताना मला म्हणाले, “सांगून बघतो. वचन देत नाही.” मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन भिंगरीचे बूट काढले. मोजे ओले झाले होते घामानं. रोज म्हणत होते मी, अजून एक खांब. रोज तिचा दिवस सकाळी नऊलाच संपवत होते आणि संध्याकाळी ती जेवत का नाही म्हणून चिडत होते.

स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

२८ तारीख, शुक्रवार

खांब बंद. नणंदेला फोन केला, उचलला नाही. उचलणार नाहीच. मीही नसता उचलला.

३ तारीख, बुधवार

वाट बघून नाकी नऊ आले. खजिनदार मुलीकडे गेलेत, खुर्च्या ठेवतात त्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. किल्ल्यांच्या दुकानावर संस्था, आणि किल्ली नाही! मी खाली जाऊन किल्लीवाल्याला म्हटलं, तुम्ही दुसरी करून द्या ना. तो म्हणाला, “पहिली आणा, मग करतो.” शाळेतून फोन आला होता, येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. मी येणार म्हणून सांगितलं. कशाच्या जिवावर ते विचारू नका.

भिंगरी दुपारी दुकानात आली, नवऱ्यानं स्कूटरवर दारापर्यंत आणून सोडली. पुन्हा त्या चंदेरी सँडलपाशी उभी राहिली.

६ तारीख, शनिवार

आली. पोस्टमास्तर आणि किल्लीवाला, दोघांनी मिळून टेंपोतून आणली. किल्लीवाल्याचा काय संबंध, तर कपाट त्यानंच उघडून दिलं. “नियमात बसत नाही,” पोस्टमास्तर म्हणाले, “खजिनदार आले की बोलणी खाईन.”

खुर्ची पिवळी आहे. खोकल्याच्या औषधाचा असतो तो पिवळा. आधी कुठल्यातरी मुलाची होती, तो मोठा झाला, खुर्ची परत आली. हिलाही लहान झाली की परत द्यायची. हाताच्या दांड्यावर त्या मुलानं चिकटवलेला अर्धा फाटलेला वाघ आहे. मी नखानं काढायला गेले तर भिंगरी म्हणाली, “राहू दे.” नवऱ्यानं चाकांना तेल घातलं. मग जमिनीवर बसून चाकाकडे बघत राहिला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात गेले. मला अजूनही ती खुर्ची आवडलेली नाही. इथे तरी खरं लिहिते.

संध्याकाळी नणंद आली. तिनंच चहा टाकला, तिचा आणि माझा. मागच्या वेळचा राहिला होता म्हणाली.

८ तारीख, सोमवार

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सगळ्या पोरी बघत होत्या. माझे पाय लटपटत होते, हिचे आरामात. मैत्रीण आली, तिनं मला विचारलंही नाही, दांडा माझ्या हातातून घेतला आणि मैदानातून जी धावत सुटली! मी ओरडले, “अगं हळू! पडेल ती!” दोघींपैकी एकीनंही मागे वळून बघितलं नाही. व्हरांड्याच्या वळणावर भिंगरीचं हसणं ऐकू आलं तेवढंच. मुख्याध्यापिकाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “व्हरांड्यात धावायला मनाई आहे.” मी म्हटलं, “सांगा की मग त्यांना.”

दिवसभर दुकानात लक्ष लागेना. एका बाईला दोन्ही डावे बूट घातले. शाळेतून फोन आला नाही, म्हणजे झोपली नाही, काही फेकलं नाही. शाळा सुटल्यावर नवऱ्यानं तिला आणलं.

मी घरी गेले तर ती पलंगावर नव्हती. टेबलाशी बसली होती, पुस्तकाला कव्हर घालत.

“आई, मला ते चंदेरी सँडल हवेत.”

“कुठले? ते टाचेचे? तुझ्या पायांना ते नाही झेपणार.”

“मला कुठे त्यात चालायचंय? मला बसायचंय त्यात.”

मी म्हटलं, शाळेत चालत नाहीत तसले. ती म्हणाली, शाळेत कोण नेतंय, मैत्रिणीच्या वाढदिवसाला घालणार. मी म्हटलं, पायाला वाईट असतात, मी तेच विकते, मला माहीत आहे. ती म्हणाली, वाईट असतात तर विकतेस कशाला? मधे दोनदा शब्द अडकला तिचा. “थांब, बोलू नकोस, सापडतोय मला,” असं म्हणून तो शोधून काढून पुन्हा माझ्यावर चाल केली. जेवायला बसलो तरी सुरूच. बाप मान डोलावत होता, तिच्या बाजूनं. मला असा राग आला दोघांचा! भाजी वाढायची सोडून मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडावर पदर धरून रडले.

बाहेरून आवाज आला, “आई, पळून जाऊ नकोस! माझं बोलणं संपलेलं नाही!”

तोंड धुऊन बाहेर आले आणि हरले. उद्या संध्याकाळी नवरा तिला दुकानात घेऊन येणार आहे, मापाला.